बंदुकीवरील संरक्षक लेप

बंदुकीच्या धातूचे गंज, घाम, खारी हवा आणि घासाघीस यांपासून रक्षण करण्यासाठी पृष्ठभागावर केलेली रासायनिक प्रक्रिया, चढवलेला मुलामा किंवा फवारलेला रंग. ब्लूइंग, फॉस्फेटचा थर, क्रोमचा मुलामा, नायट्रायडिंग (पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणे) आणि सिरॅमिकमिश्रित रंग हे यांतले मुख्य प्रकार. ‘सगळ्यांत टिकाऊ लेप कोणता?’ असे नेहमी विचारले जाते. पण त्याआधी बंदूक कशी जोडलेली आहे, ती किती उष्णता सोसेल आणि कुठल्या हवेत राहणार आहे, हे पाहावे लागते. चुकीच्या बंदुकीवर चढवलेला उत्तम लेप तिचे गंजापेक्षाही जास्त नुकसान करू शकतो.

तांबडा गंज सच्छिद्र असतो, फुगतो आणि पापुद्रे धरून सुटतो. त्यामुळे खालचे पोलाद पुन्हा उघडे पडते. मॅग्नेटाइट हे लोखंडाचे काळे ऑक्साइड मात्र पोलादाला घट्ट चिकटून राहते. हाच काळा थर मुद्दाम तयार करणे म्हणजे ब्लूइंग. तो इतका पातळ असतो की भागांच्या मापात फरक पडत नाही. त्याची संरक्षणशक्ती मात्र बेताचीच असते. त्याचे खरे काम तेल धरून ठेवण्याचे आहे, आणि तेल सुकले की ब्लूइंगही हरते.

कारखान्यांत सहसा गरम ब्लूइंग करतात. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या सुमारे 140 अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या द्रावणात भाग बुडवतात. काम झटपट होते आणि रंग एकसारखा येतो. पण ॲल्युमिनियमचा भाग या द्रावणात अक्षरशः विरघळतो. जुन्या दुनळीचा धोका याहून फसवा आहे. तिच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुधा कथिल-शिशाच्या डाकाने जोडलेल्या असतात. कॉस्टिक त्या डाकाला खाते, शिवाय पट्टीखालच्या पोकळीत शिरून बसते. बंदूक नव्यासारखी चमकत परत येते आणि काही महिन्यांनी पट्टीच्या कडेने पांढरे क्षार पाझरू लागतात. तोवर नळ्या आतून सडू लागलेल्या असतात.

दुनळीसाठी योग्य मार्ग गंज-ब्लूइंगचा. तो वेळखाऊ आहे, पण या कामातले खरे कसब इथेच दिसते. नळी घासून, तेलाचा अंशही न ठेवता स्वच्छ करतात आणि दोन्ही तोंडे लाकडी बुचांनी बंद करतात. त्यानंतर नळीला उघडा हात लावायचा नाही, कारण बोटाचा ठसा उमटला की तेवढ्या जागी रंग धरत नाही. कापसाच्या बोळ्याने आम्लयुक्त द्रावणाचा अगदी पातळ हात देतात आणि नळी दमट पेटीत ठेवतात. काही तासांत तिच्यावर बारीक तांबूस लव येते. मग नळी स्वच्छ पाण्यात उकळतात. त्या उकळीत तांबडा गंज मॅग्नेटाइटमध्ये बदलतो आणि लव मखमलीसारखी काळी होते. मऊ तारेच्या ब्रशने वरचा भुगा काढला की खाली फिकट करडी छटा दिसते. हे चक्र सहा-आठ वेळा फिरले की ती छटा गडद निळसर काळी होते. शेवटी नळी तेलात मुरवतात. या पद्धतीत उकळत्या पाण्यापेक्षा जास्त उष्णता लागत नसल्याने डाक शाबूत राहतो.

फॉस्फेटचा थर दिसायला मंद, करडा आणि खरखरीत असतो. थॉमस कॉस्लेट यांनी इंग्लंडमध्ये 1906 च्या सुमारास या प्रक्रियेचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेतील पार्कर कंपनीने ती सुधारून रूढ केली, म्हणून तिला पार्करायझिंग म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या बंदुकांवर हाच थर असे. जस्त किंवा मँगनीज फॉस्फेटचे स्फटिक तेल शोषून धरतात आणि पृष्ठभाग उन्हात चकाकत नाही. देखणेपण बाजूला ठेवले तर पावसापाण्यातल्या बंदुकीला ब्लूइंगपेक्षा हा थर केव्हाही सरस. स्टेनलेस स्टीलवर मात्र तो धरत नाही.

नळीच्या आतला भाग बाहेरच्या लेपाने वाचत नाही. व्हिएतनाम युद्धात तिथल्या दमट हवेत अमेरिकी सैन्याच्या सुरुवातीच्या एम१६ रायफली अडकू लागल्या, तेव्हा बदललेली दारू आणि सफाईच्या साहित्याची टंचाई यांबरोबरच काडतुसाच्या कोठीला क्रोमचा मुलामा नसणे हेही कारण ठरले. पुढे आधी कोठीला आणि नंतर संपूर्ण नळीला आतून क्रोम देण्यात आले. एके-४७ च्या नळीला तो होताच.

सेराकोटसारखे सिरॅमिकमिश्रित लेप फवारून भट्टीत भाजतात. नेहमीच्या प्रकाराला सुमारे 120 अंशांवर दोन तास लागतात. ते खाऱ्या पाण्यातही चांगले टिकतात आणि तेलावरही अवलंबून नसतात. पण त्यांचा टिकाव फवारणीपूर्वीच्या तयारीवर ठरतो. भाग ॲसिटोनमध्ये बुडवून तेलमुक्त करतात. मग भट्टीत तापवून सांध्यांत लपलेले तेल बाहेर येते का ते पाहतात आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करतात. इथे घाई केली तर लेप कडेपासून सोलतो. थर सुमारे 25 मायक्रॉन जाडीचा असल्याने चपखल बसणारे भाग अडकू शकतात. तिथे फवारा आवरता घ्यावा लागतो.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या बंदुका आजही घराघरांत आहेत. चार महिन्यांच्या पावसात त्यांना सर्वाधिक त्रास होतो तो कापडी किंवा कातडी गवसणीचा, कारण ती ओल धरून ठेवते. ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते, म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात द्यावा लागतो. खंडेनवमीला एकदा पुसून वर्षभर अडगळीत ठेवलेली बंदूक कुठल्याच लेपाने वाचत नाही.

भारतात शस्त्र अधिनियम, 1959 नुसार बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिरानेच करायची असते, म्हणून लेपाचे कामही त्याच्याकडेच न्यावे. बंदुकीवरचा क्रमांक पुसणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. त्यामुळे घासताना व कणांचा मारा करताना तो झाकून ठेवतात आणि लेपानंतर स्पष्ट वाचता येतो याची खात्री करतात. वाडवडिलांकडून आलेल्या जुन्या नक्षीदार बंदुकीला नवा लेप देऊच नये. तिच्यावरची काळाची तपकिरी छटा आणि घडवणाऱ्याची खूण एकदा घासली गेली की परत येत नाही. अशा बंदुकीला मऊ फडके, हलके तेल आणि कोरडी जागा एवढेच द्यावे.