अदोल्फो चेली : खलनायकाच्या चेहऱ्यामागचा दिग्दर्शक

१९६५ साली आलेल्या ‘थंडरबॉल’ या बाँडपटातला खलनायक एमिलियो लार्गो जगभरच्या प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो डोळ्यावरची काळी पट्टी, पांढरेशुभ्र केस आणि भारदस्त खांद्यांमुळे. ही भूमिका करणारे अदोल्फो चेली त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचे होते आणि इंग्रजी चित्रपट पाहणाऱ्यांना त्यांचा चेहरा जवळजवळ नवा होता. ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या नाट्यरसिकांना मात्र हा गृहस्थ चांगला ठाऊक होता, आणि तोही नट म्हणून कमी, दिग्दर्शक म्हणून अधिक. चेली यांची पडद्यावरची कारकीर्द पुढे जे वळण घेत गेली, ते समजून घेण्यासाठी ही ब्राझीलची वर्षे आधी पाहावी लागतात.

चेली यांचा जन्म २७ जुलै १९२२ रोजी सिसिलीतल्या मेसिनाजवळ झाला. रोमच्या राष्ट्रीय नाट्य अकादमीत त्यांनी शिक्षण घेतले. पुढे इटालियन रंगभूमी आणि चित्रपट गाजवणारे व्हित्तोरिओ गास्मान हे तिथले त्यांचे सहाध्यायी, आणि ही मैत्री अखेरपर्यंत टिकली. महायुद्ध संपताच त्यांना चित्रपटांत कामे मिळू लागली. १९४८ च्या ‘प्रोइबितो रुबारे’ या लुइजी कोमेंचिनी यांच्या चित्रपटात तर ते प्रमुख भूमिकेत होते. आफ्रिकेला निघालेल्या एका मिशनरी पाद्र्याची पेटी नेपल्समधली रस्त्यावरची पोरे पळवतात आणि तो पाद्री त्या पोरांसाठी तिथेच मुक्काम ठोकतो, असे त्याचे कथानक आहे. पुढे ज्यांना कारस्थानी उद्योगपती आणि माफियांचे म्होरके साकारायचे होते, त्या नटाची पहिली मोठी भूमिका अशी अगदी कनवाळू माणसाची होती. खलनायकी चेहरा जन्मजात असतो असे मानणाऱ्यांनी हा चित्रपट जरूर पाहावा.

आल्दो फाब्रित्सी यांच्या ‘एमिग्रांतेस’ या चित्रपटासाठी चेली अर्जेंटिनाला गेले आणि तिथून त्यांना साओ पाउलोचे बोलावणे आले. या शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इटालियन स्थलांतरितांची मोठी वस्ती होती आणि त्यांच्यापैकी काही घराणी उद्योगधंद्यांत गबर झाली होती. फ्रांको झांपारी या मूळच्या इटालियन अभियंत्याने १९४८ मध्ये तेआत्रो ब्राझिलेइरो दे कोमेदिया ही नाट्यसंस्था काढली होती. हौशी मंडळींच्या प्रयोगांना हक्काची जागा मिळावी, एवढाच तिचा मूळ हेतू होता. सत्तावीस वर्षांचेही न झालेले चेली १९४९ मध्ये तिचे कलात्मक संचालक झाले आणि संस्थेचे रूप पालटले. नटांना पगारी करार मिळाले आणि तालमी शिस्तीने होऊ लागल्या. त्याआधी ब्राझीलची व्यावसायिक रंगभूमी बहुतांशी एखाद्या लोकप्रिय नटाच्या नावावर चालत असे, आणि बाकीचा संच त्याला साथ देण्यापुरता असे. नाटकाचा सर्व डोलारा दिग्दर्शकाच्या हाती असावा ही युरोपात रुजलेली रीत साओ पाउलोत पक्की करण्यात चेली आणि त्यांच्यामागून आलेले इतर इटालियन दिग्दर्शक यांचा वाटा मोठा आहे. कासिल्दा बेकेर, पाउलो आउत्रान यांच्यासारखे कलावंत याच रंगमंचावर मोठे झाले.

झांपारी यांनीच उद्योगपती मातारात्सो यांच्या साथीने व्हेरा क्रूझ ही चित्रपटसंस्था उभारली, तेव्हा तिचा पहिला कथापट ‘काइसारा’ (१९५०) दिग्दर्शित करण्याचे काम चेली यांच्याकडे आले. त्यानंतर संगीतकार झेकिन्या द अब्रेऊ यांच्या जीवनावरचा ‘टिको-टिको नो फुबा’ हा चित्रपट त्यांनी केला. हॉलिवूडच्या तोडीचे स्टुडिओ बांधायला निघालेली ही संस्था १९५४ पर्यंत कर्जात बुडाली. चेली मात्र रंगभूमीवर टिकून राहिले. अभिनेत्री तोनिया कारेरो यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि दोघांनी पाउलो आउत्रान यांच्याबरोबर १९५६ मध्ये स्वतःची नाटक मंडळी काढली. ‘ऑथेल्लो’ने तिचा आरंभ झाला.

चित्रपटातला दुसरा जन्म त्यांना ब्राझीलनेच दिला. फिलीप द ब्रोका या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘लोम द रिओ’ (१९६४) या धमाल साहसपटाचे चित्रण रिओ आणि नव्याने वसत असलेल्या ब्राझिलियात झाले. त्यात चेली यांनी द कास्त्रो हा धनाढ्य उद्योगपती साकारला. ऐश्वर्य अंगात मुरलेला, पाहुण्यांचे हसून स्वागत करणारा आणि मनाचा थांग लागू न देणारा हा माणूस चेली यांच्या वाट्याला पुढे वेगवेगळ्या नावांनी वारंवार येत राहिला. लगोलग ‘व्हॉन रायन्स एक्स्प्रेस’मध्ये युद्धकैद्यांच्या छावणीचा इटालियन अधिकारी आणि त्याच वर्षी लार्गो अशा भूमिका त्यांना मिळाल्या.

लार्गोचा आवाज मात्र चेली यांचा नाही. त्यांचे इंग्रजी उच्चार जड वाटल्यामुळे रॉबर्ट रिएटी या ब्रिटिश नटाने सर्व संवाद नव्याने म्हटले. आपल्याला हे अन्यायकारक वाटेल, पण इटालियन चित्रपटसृष्टीत त्या काळी ध्वनी बहुधा नंतरच जोडला जाई. पडद्यावरचा माणूस एक आणि आवाज दुसऱ्याचा, यात कोणाला गैर वाटत नसे. या पद्धतीमुळेच रोममध्ये निरनिराळ्या देशांचे नट आपापल्या भाषेत बोलत एकाच दृश्यात उभे राहू शकत. अशा व्यवस्थेत चरित्र अभिनेत्याची खरी मिळकत म्हणजे त्याचा देह. एक डोळा पट्टीने झाकलेला आणि आवाज उसना, तरीही लार्गोचा दरारा उणावत नाही. तो येतो-जातो, उभा राहतो, नुसता पाहतो, त्या प्रत्येक हालचालीत नटांना रंगमंचावर उभे करण्याची वर्षानुवर्षे सवय असलेला माणूस दिसतो.

पुढच्या दहा वर्षांत चेली यांनी भरमसाट कामे केली. त्यांतली कित्येक पोटासाठी केलेली होती, आणि शॉन कॉनरी यांच्या धाकट्या भावाला नायक करून काढलेला ‘ओके कॉनरी’ त्यांपैकीच एक. पण मारिओ बाव्हा यांचा ‘दियाबोलिक’, फर्नांदो दी लेओ यांचा ‘ला माला ओर्दिना’ हा गुन्हेगारीपट आणि लुईस बुन्युएल यांचा ‘द फँटम ऑफ लिबर्टी’ याच काळात आले. गास्मान आणि लुचियानो लुचिन्यानी या मित्रांबरोबर त्यांनी ‘लालिबी’ (१९६९) हा चित्रपट लिहून दिग्दर्शित केला, आणि तिघांनी त्यात स्वतःच्याच आयुष्यांकडे मिस्कीलपणे पाहिले.

इटलीत त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते १९७५-७६ या दोन वर्षांत. मारिओ मोनिचेल्ली यांच्या ‘अमिची मिएई’मध्ये ते सासारोली हे बडे शल्यचिकित्सक आहेत. त्यांच्या पत्नीच्या प्रेमात पडलेला वास्तुविशारद तिचा हात मागायला येतो, तेव्हा सासारोली न चिडता तिला देऊन टाकतात. मात्र तिच्याबरोबर दोन्ही मुली, त्यांना सांभाळणारी बाई आणि घरचा अगडबंब कुत्राही न्यावा लागेल, हे व्यवहाराच्या कोरड्या सुरात सांगून टाकतात. वास्तुविशारदाच्या चेहऱ्यावरचा उत्साह मावळत जातो आणि समोरचे सासारोली अधिकाधिक हलके होत जातात. खलनायकासाठी कमावलेला तोच थंडपणा चेली यांनी इथे विनोदासाठी वापरला आहे, आणि माझ्या मते ही त्यांची सर्वोत्तम भूमिका आहे.

पुढच्याच वर्षी राय या सरकारी दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘सांदोकान’ मालिकेचा आपल्याशी थेट संबंध आहे. एमिलियो साल्गारी यांच्या कादंबऱ्यांवरच्या या मालिकेत मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतून गेलेले कबीर बेदी नायक होते, आणि त्यांच्यासमोर बोर्निओ बेटावरच्या सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रुक म्हणून चेली उभे होते. खरा ब्रुक १८०३ मध्ये बनारसजवळ जन्मला होता आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरी करून मग बोर्निओत पोहोचला होता. इंग्रजी इतिहासलेखनात ज्याला बराच काळ मान मिळाला, तो राजा इटालियन मुलांनी चेली यांच्या रूपात शत्रू म्हणून ओळखला.

१९८१ मध्ये बीबीसीने ‘द बोर्जियाज’ या मालिकेत पोप सहावा अलेक्झांडर म्हणून चेली यांची निवड केली, आणि या वेळी त्यांचा स्वतःचा आवाज ठेवला. ब्रिटिश समीक्षकांनी त्यांच्या उच्चारांची यथेच्छ खिल्ली उडवली. ‘थंडरबॉल’च्या निर्मात्यांनी सोळा वर्षांपूर्वी जी शंका घेतली होती तीच ही तक्रार होती. लंपट, कावेबाज आणि तरीही स्वतःच्या मुलांपुढे हतबल होणारा हा वृद्ध पोप मात्र त्या मालिकेत सर्वांत जिवंत वाटतो.

इटलीत प्रेक्षकांना सासारोलीच हवे होते. ‘अमिची मिएई’चा दुसरा भाग १९८२ मध्ये आणि तिसरा १९८५ मध्ये आला, आणि दोन्हींत चेली होते. १९ फेब्रुवारी १९८६ रोजी सिएना शहरात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.