जर्मन मोटारींचे ‘ओरिजिनल’ आणि बाहेरचे सुटे भाग : वादाची पार्श्वभूमी

जर्मन गाडीला कंपनीचाच पार्ट बसवावा की बाहेरचा, हा वाद समजून घ्यायचा तर मुळात गाडीतले किती भाग कंपनी स्वतः बनवते, हे आधी पाहावे लागते. १८८६ मध्ये श्टुटगार्टला सुरू झालेली बॉश, लिपश्टाटची दिव्यांची हेला आणि १९१५ मध्ये झेपेलिन या हवाई जहाजांसाठी गिअर बनवण्याकरिता स्थापन झालेली झेडएफ अशा पुरवठादारांवर हा उद्योग उभा राहिला. बीएमडब्ल्यूच्या खोक्यातला सस्पेन्शन आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) आणि झेडएफ समूहातील लेमफर्डरच्या खोक्यातला आर्म शेजारी ठेवले, तर अनेकदा फरक एवढाच दिसतो की दुसऱ्यावरचे मोटार कंपनीचे चिन्ह घासून काढलेले असते; किमतीत मात्र चांगलीच तफावत असते. नक्कल केलेल्या स्वस्त आर्मची गोष्ट अर्थातच वेगळी.

या वस्तुस्थितीला कायद्याचे स्पष्ट रूप मिळाले ते युरोपीय आयोगाच्या २००२ च्या नियमावलीने (क्रमांक १४००). मोटार कंपनीने दिलेल्या तपशिलांनुसार व उत्पादन-मानकांनुसार बनवलेला भाग, तो पुरवठादाराने स्वतःच्या नावाने विकला तरी, ‘ओरिजिनल’च मानला जाईल, असे तिने ठरवले, आणि भागावर स्वतःचे चिन्ह ठळकपणे उमटवण्यापासून पुरवठादाराला रोखणाऱ्या करारांना स्पर्धा कायद्यातली सूट नाकारली. ‘समतुल्य दर्जाचे’ भाग हा वर्गही तिने मान्य केला.

बाह्यांगाच्या भागांचे घोडे मात्र डिझाइनच्या हक्कावर अडले. फेंडर किंवा बॉनेट यांचा आकारच नोंदणीकृत असल्याने, दर्जा कितीही चांगला असला तरी दुसऱ्याला तो बनवता येत नसे. जर्मनीने दुरुस्तीपुरती सूट दिली ती २ डिसेंबर २०२० पासून, आणि तीही त्यानंतर नोंदवलेल्या डिझाइनपुरतीच. त्यामुळे तेव्हा रस्त्यावर असलेल्या गाड्यांच्या मालकांच्या पदरात फारसे काही पडले नाही.

भारतातही हाच प्रश्न आला. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत बीएमडब्ल्यूबरोबरच पुणे परिसरात कारखाने असलेल्या मर्सिडीज-बेंझ व फोक्सवॅगनही होत्या. आक्षेप होता तो पुरवठादारांना खुल्या बाजारात सुटे भाग विकू न देण्याला, आणि बाहेरच्या गॅरेजात काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीला.