पुरानंतर तळघरातील ॲसबेस्टॉस टाइल : तपासणी, फेमाचा अर्ज आणि लागणारी कागदपत्रे

न्यू जर्सीच्या सॉमरसेट काउंटीत, रॅरिटन आणि मिलस्टोन नद्यांच्या संगमापाशी, मॅनव्हिल नावाचे गाव आहे. ॲसबेस्टॉस या तंतुमय खनिजाची उत्पादने बनवणाऱ्या जॉन्स-मॅनव्हिल कंपनीच्या कारखान्यावरून त्याला हे नाव पडले आणि १९९९ चे फ्लॉइड, २०११ चे आयरीन व २०२१ चे आयडा या तिन्ही वादळांत तेथील घरांत पाणी शिरले. ॲसबेस्टॉस आणि पूर यांची गाठ एकाच गावात पडावी हा योगायोग विचित्रच. पण शेजारच्या ब्रिजवॉटरपासून एडिसनपर्यंत जुनी घरे घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही तळघरात हीच गाठ भेटू शकते.

घर १९८० च्या आसपासचे किंवा त्याआधीचे असेल आणि तळघरात नऊ इंच चौरस टाइल व खाली डांबरासारखा काळा गोंद असेल, तर दोन्हींत ॲसबेस्टॉस आहे असे धरून चालावे. बारा इंची टाइलमध्येही ते असू शकते. अखंड टाइलमध्ये तंतू घट्ट बांधलेले असतात, त्यामुळे ती केवळ भिजल्याने धोका निर्माण होत नाही. पाणी मुरल्यावर मात्र गोंद सुटतो, कडा उचलल्या जातात आणि तळघर लवकर वाळावे म्हणून घरातले कोणीतरी पहार घेऊन खाली उतरते. धोका तिथून सुरू होतो. टाइल फोडणे, गोंद कोरडा खरवडणे किंवा घासणे, चुरा झाडूने लोटणे, साधा व्हॅक्यूम फिरवणे आणि तुटलेल्या टाइलवर पंख्याचा झोत सोडणे, यांपैकी काहीही करू नये. कारण सुटलेले तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि त्यांचे आजार अनेक वर्षांनी दिसू लागतात.

म्हणून आधी छायाचित्रे, मग तपासणी आणि त्यानंतरच टाइल काढणे, हा क्रम पाळावा. पाण्याच्या पातळीची खूण, उचललेल्या टाइल आणि पूर्ण खोली यांची छायाचित्रे घ्यावीत. टाइलचा आणि गोंदाचा नमुना परवानाधारक तपासनीसाकडून घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा. ॲसबेस्टॉसचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त निघाले, तर तो पदार्थ ॲसबेस्टॉसयुक्त मानला जातो. चार किंवा त्याहून कमी कुटुंबांच्या निवासी इमारतीला ॲसबेस्टॉस काढण्याचा केंद्रीय नियम सहसा लागू होत नाही, म्हणून सगळे मोकळे आहे असे समजू नये, कारण राज्याचे व नगरपालिकेचे नियम वेगळे असतात. काम सुरू करण्यापूर्वी पालिकेच्या बांधकाम विभागात विचारणे हाच सरळ मार्ग आहे.

अमेरिकी केंद्र सरकारच्या फेमा या आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थेची वैयक्तिक मदत मिळण्यासाठी राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केलेली असावी लागते आणि आपली काउंटी त्या मदतीसाठी नमूद असावी लागते. घोषणेपासून साधारणपणे ६० दिवसांत अर्ज करायचा असतो. तो फेमाच्या संकेतस्थळावर, ॲपवर किंवा ८००-६२१-३३६२ या क्रमांकावर करता येतो. अर्जदार अमेरिकी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकासारखा पात्र रहिवासी असावा. आपल्याकडे नेमके इथेच अनेकजण माघार घेतात. आई-वडील दोघेही एच-१बी व एच-४ व्हिसावर असले, तरी त्याच घरात राहणारे अठरा वर्षांखालील मूल अमेरिकी नागरिक असेल, तर पालकाला त्या मुलाच्या वतीने अर्ज करता येतो. त्यासाठी मुलाचा सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो.

ओळखपत्र, त्या घरात राहत असल्याचा पुरावा म्हणून वीज किंवा पाण्याचे बिल, मालकीसाठी खरेदीखत, मालमत्ता कराची पावती किंवा गृहकर्जाचे विवरण, विम्याची प्रत आणि बँक खात्याचा तपशील ही कागदपत्रे जवळ ठेवावीत. विमा असेल, तर त्याचा दावा आधी दाखल करावा. विम्याने दिलेल्या खर्चासाठी फेमा पुन्हा पैसे देत नाही, आणि विमा कंपनीच्या मंजुरीचे किंवा नकाराचे पत्र फेमाला लागते.

सरकारी पूरविम्याबाबत एक अप्रिय गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. तळघरातील घर गरम ठेवणारी भट्टी, पाणी तापवण्याची टाकी यांना संरक्षण मिळते, परंतु तेथील जमिनीवरच्या टाइल किंवा गालिचा यांना मिळत नाही. स्वाक्षरी केलेले नुकसानीचे विवरण नुकसान झाल्यापासून ६० दिवसांत द्यावे लागते. पाहणीसाठी येणाऱ्या अधिकाऱ्यांना दाखवता यावा म्हणून नुकसान झालेल्या सामानाचा तुकडा जपून ठेवावा, असे सांगितले जाते. टाइलच्या बाबतीत हा सल्ला अपुरा आहे. आधीच सुटलेला तुकडाच घ्यावा, तो ओला करून दोन जाड प्लास्टिक पिशव्यांत बंद करावा, वर ॲसबेस्टॉस असे लिहावे आणि सोबत प्रयोगशाळेचा अहवाल ठेवावा.

टाइल काढण्याचे काम परवानाधारक ठेकेदाराकडे द्यावे आणि त्याच्याकडून लेखी अंदाजपत्रक, पावती व कचरा कुठे टाकला याची नोंद मागून घ्यावी. पुरानंतर रस्त्याकडेला साचणाऱ्या भिजल्या गाद्या आणि ड्रायवॉलच्या (भिंतींच्या जिप्सम पाट्यांच्या) ढिगात हा कचरा टाकू नये. फेमाचा नकार आल्यास पत्रावरील तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येते, आणि अपिलाला तो अहवाल, ते अंदाजपत्रक व पहिल्या दिवसाची छायाचित्रे जोडता येतात.