मल्टिपल ॲक्सेस : मोबाइल लहरींची वाटणी

ठरावीक रेडिओलहरींवर एकाच वेळी अनेकांना बोलता यावे म्हणून वापरायची पद्धत. लहरींचा पट्टा मोजकाच असतो. त्यामुळे सारी मदार वाटणीवर.

इंदूरकराने ही कल्पना सराफ्यात पाहिलेली असते. दिवसा सोन्याचांदीची दुकाने, ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याच्या गाड्या : भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेले गराडू कंद. जागा तीच, वेळ वेगळी. जीएसएम या मोबाइल पद्धतीत २०० किलोहर्ट्‌झच्या एका वाहक लहरीवर आठ फोन असेच पाळीने बसतात. एक पाळी ०.५७७ मिलिसेकंदाची, आणि ती दर ४.६१५ मिलिसेकंदांनी पुन्हा येते. मग बोलणे तुटक का ऐकू येत नाही? खरी करामत इथे आहे. फोन आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो, त्यांचे आकडे करतो, ते दाबून लहान करतो आणि पाळी आली की झटकन पाठवून देतो. पलीकडे तुकडे जुळतात आणि आजीचा आवाज सलग येतो.

सीडीएमए या दुसऱ्या मोबाइल पद्धतीत पाळ्या नाहीत. १.२५ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सगळे एकदम बोलतात, प्रत्येकाला ओळखीचा स्वतंत्र संकेत (कोड) असतो. गजबजलेल्या राजवाडा चौकात माळवी-हिंदीच्या गलक्यातूनही मराठी हाक कानाला नेमकी कळते, तसे. मात्र टॉवरजवळचा फोन दूरच्याला बुडवू नये म्हणून टॉवर सेकंदाला ८०० वेळा फोनला जोर कमी-जास्त करायला सांगतो. शिवाय माणूस बोलताना थांबतो. तेवढ्यात त्याचा फोन हळू होतो आणि इतरांना वाव मिळतो. बोलण्यातली शांतताही उपयोगी पडते, हे या तंत्राचे सर्वांत सुंदर अंग.

फोर-जीमध्ये १५ किलोहर्ट्‌झच्या बारा उपलहरींचा गट करतात आणि तो कोणाला द्यायचा हे दर मिलिसेकंदाला ठरते.

याखेरीज शहराचे छोटे कक्ष पाडून त्याच लहरी काही अंतरावर पुन्हा वापरतात. म्हणूनच रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, अडचण होते : राजवाड्याभोवती लोटलेली सारी गर्दी मोजक्या कक्षांत येते, पाळ्या संपतात, फोन लागत नाही. जीएसएमवर एसएमएस मात्र बहुधा पोहोचतो, कारण तो आवाजाच्या पाळीतून जातच नाही, कॉल जोडण्याच्या निरोपांच्या वाटेने जातो. ‘दादा, राजवाड्याच्या दारात उभा आहे’ एवढे त्या वाटेत सहज मावते.