कॅम्पर व्हॅनमधील १२ व्होल्टची उपकरणे आणि विजेचे चढउतार

आमच्याकडून कॅम्पर व्हॅनचे वायरिंग करून घेतलेल्या, तसेच करून घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे.

गाडीतील वीज १२ व्होल्टची म्हणून ओळखली जात असली, तरी उपकरणाला नेमके १२ व्होल्ट क्वचितच मिळतात. पूर्ण चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू होऊन अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) चार्जिंग करू लागला की हाच आकडा १४.४ च्या आसपास चढतो आणि सेल्फ मारताना तो क्षणभर ९-१० व्होल्टपर्यंत, बॅटरी जुनी असल्यास त्याहूनही खाली उतरतो. राहण्याच्या भागासाठी स्वतंत्र बॅटरी असेल आणि सेल्फ मारताना ती इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी राहत असेल, तर ही घसरण आतल्या उपकरणांपर्यंत पोहोचत नाही. चढ मात्र पोहोचतो. पंखा किंवा पाण्याचा पंप तो निभावून नेतो. राउटर, छोटा टीव्ही किंवा कॅमेऱ्याचा रेकॉर्डर घरातल्या स्थिर अडॅप्टरवर चालण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे तो निभावून नेईलच याची खात्री देता येत नाही.

एलईडी पट्ट्यांचे उदाहरण घ्यावे. स्वस्त पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर एका ओळीत जोडलेले असतात. तीन पांढऱ्या एलईडी मिळून साडेनऊ व्होल्टच्या आसपास घेतात, म्हणजे १२ व्होल्टला रेझिस्टरवर जेमतेम अडीच व्होल्ट उरतात, १४.४ व्होल्टला तेच जवळजवळ पाच होतात आणि विद्युतप्रवाहही त्याच प्रमाणात दुपटीकडे जातो. प्रवासात दिवे अधिक झगझगीत दिसतात आणि पट्टी लवकर काळवंडते, त्याचे कारण हे आहे.

सर्वांत घातक प्रसंग मात्र वेगळाच आहे. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी अचानक सुटली, तर त्याचे चुंबकीय क्षेत्र तत्काळ ओसरत नाही आणि सेकंदाच्या काही दशांशांपुरता व्होल्टेज उसळतो. संरक्षण नसलेल्या अल्टरनेटरमध्ये ही उसळी ८० व्होल्टच्याही पुढे जाऊ शकते. म्हणून इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासण्याची गॅरेजमधली जुनी रीत कृपया कोणालाही आपल्या गाडीवर वापरू देऊ नये. लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडलेली असेल, तर तिच्यातील बीएमएसने (बॅटरीचे रक्षण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने) चार्जिंग तोडल्यावरही असाच धोका संभवतो. तिच्यासाठी डीसी-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून चार्जिंग नियंत्रित करणारे उपकरण, बसवावा, असा आमचा आग्रह असतो.

फ्यूज असल्यावर आणखी कशाला, असे अनेक ग्राहक विचारतात. फ्यूज जादा प्रवाहामुळे वायर तापून पेट घेण्यापासून वाचवतो, जादा व्होल्टेज तो अडवत नाही. नाजूक उपकरणांसाठी ९ ते ३६ व्होल्ट इनपुट घेऊन स्थिर १२ व्होल्ट देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि त्याच्या इनपुटला उसळी शोषणारा टीव्हीएस डायोड आम्ही सुचवतो. बाजारात मिळणारा केवळ व्होल्टेज उतरवणारा स्वस्त कन्व्हर्टर बॅटरी साडेअकरावर आली की १२ देऊ शकत नाही, त्यामुळे चढ आणि उतार दोन्ही सांभाळणाराच घ्यावा आणि त्याच्या क्षमतेच्या साधारण ७० टक्क्यांपर्यंतच भार टाकावा.

बसच्या चासीवर बांधलेल्या गाडीत बहुधा २४ व्होल्टची व्यवस्था असते. तिथे दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढणे सोपे वाटते, परंतु ती बॅटरी अर्धवट चार्ज राहते, दुसरी अतिचार्ज होते आणि दोन्ही अकाली जातात. अशी जोडणी आम्ही करून देत नाही.

पुष्कळदा दोष बॅटरीत नसून बारीक वायरीत असतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून पाच मीटरवर १० अँपिअर नेले, तर जाऊन-येऊन सुमारे १.२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. चार चौरस मिलिमीटरची वायर वापरल्यास हा तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. तपासणीसाठी फ्रिज आणि पंप चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग उपकरणाच्या प्लगपाशी व्होल्टेज मोजावा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आढळल्यास ते आकडे लिहून ठेवावेत आणि गाडी आणताना सोबत द्यावेत.