साडेचार गुणांचा खेळाडू

खुर्ची एका अंगाला कलते, दुसऱ्या बाजूचं चाक जमिनीवरून सुटतं आणि कॅनडाच्या पॅट्रिक अँडरसनचा हात समोरच्या बचावपटूच्या बोटांच्या वर निघतो. एका चाकावर तोल सावरून तो चेंडू सोडतो, मग खुर्ची धाडकन खाली येते. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये कडी १० फुटांवरच असते. खेळाडू बसलेले आहेत म्हणून ती कुणी खाली आणलेली नाही. उडी मारायची तर ती खुर्चीसकट मारावी लागते. या डावाला 'टिल्ट' म्हणतात आणि अँडरसनचा टिल्ट बघत खेळाडूंची एक अख्खी पिढी शिकली.

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात कॅनडाचा ध्वज जलतरणपटू कॅटरिना रॉक्सन आणि अँडरसन या दोघांच्या हाती होता. अँडरसनची ही सहावी पॅरालिम्पिक, वय ४५. त्याच्यावरचे लेख बहुतेक अपघातापासून सुरू होतात आणि तिथेच रेंगाळतात, म्हणून तो भाग इथे चटकन उरकतो. जन्म १९७९ चा, एडमंटनचा. लहानपण ऑन्टारिओतल्या फर्गस या छोट्या गावात, आइस हॉकीच्या वेडात गेलं. १९८९ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीने त्याला उडवलं आणि दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. पुढच्याच वर्षी तो खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळायला लागला.

गुडघ्याखाली, हा तपशील महत्त्वाचा आहे. कारण या खेळात शरीर किती साथ देतं ते बघून प्रत्येकाला १.० ते ४.५ असे गुण दिलेले असतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊन चालत नाही. पाठीच्या कण्याला वरच्या बाजूला इजा झालेल्या खेळाडूला पोट-पाठीच्या स्नायूंवर ताबा नसतो. चेंडूसाठी पुढे झुकला तर हाताच्या आधाराशिवाय परत सरळ होता येत नाही. तो एक गुणाचा. अँडरसनचे कंबर, पोट, मांड्या शाबूत. पट्ट्यांनी खुर्चीला आवळून बसला की नुसत्या कमरेच्या हिसक्याने तो खुर्ची वळवतो. तो साडेचारचा, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गातला. याचा हिशेब असा की तो मैदानात असताना उरलेल्या चौघांना साडेनऊ गुणांत बसवावं लागतं.

मग ते कमी गुणांचे खेळाडू करतात काय? भरपूर. खुर्चीला बाजूला पाऊल टाकता येत नाही. पुढे जा, मागे या नाहीतर वळा. त्यामुळे बचावपटूच्या चाकाला चाक लावून एक गुणाचा खेळाडू नुसता उभा राहिला, तरी तिथे भिंत उभी राहते आणि अँडरसनला बास्केटपर्यंत वाट मोकळी मिळते. गुणफलकावर या कामाची नोंद होत नाही. पण सामना बघायचा असेल तर चेंडूकडे कमी आणि या चाकांच्या अडवाअडवीकडे जास्त बघावं, असं माझं मत.

खेळ जन्मला इस्पितळात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सल्फा औषधं आणि पेनिसिलिन आली, आणि कण्याला गोळी लागलेले सैनिक पूर्वी काही महिन्यांत दगावत ते आता जगू लागले. विशीतली पोरं, युद्धाआधी कॉलेजात खेळलेली, दिवसभर खाटेवर. १९४६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसच्या लष्करी इस्पितळात त्यांनी बास्केटबॉल सुरू केला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला डॉ. लुडविग गुटमन कण्याच्या रुग्णांवर उपचार म्हणून खेळ वापरत होते. १९६० च्या रोम पॅरालिम्पिकची वाट तिथूनच निघाली. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्याचं सुवर्ण जिंकले, तेही याच वाटेने.

अँडरसनच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात घडली. टिम न्यूजंट यांनी १९४८ मध्ये गेल्सबर्ग इथे, एका जुन्या लष्करी इस्पितळाच्या आवारात, अपंग विद्यार्थ्यांसाठी शिक्षण सुरू केलं. वर्षभरात ते आवार बंद करायचा निर्णय झाला, विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली आणि शेवटी सगळं अर्बाना-शॅम्पेनच्या मुख्य विद्यापीठात हललं. इमारतींना उतार आले, बसला खुर्ची चढवणारी लिफ्ट आली. अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय व्हीलचेअर बास्केटबॉल स्पर्धाही १९४९ ची, गेल्सबर्गचीच. अर्धशतकानंतर अँडरसन याच विद्यापीठात शिकला आणि खेळला. तिथले प्रशिक्षक माइक फ्रॉगली स्वतः व्हीलचेअर वापरणारे, आणि कॅनडाच्या राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक.

पुढचं सोन्याचं आहे. २००० ला सिडनी आणि २००४ ला अथेन्स इथे पॅरालिम्पिक सुवर्ण, मग २००६ चं जागतिक विजेतेपद. २००८ ला बीजिंगच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने हरवलं आणि अँडरसन खेळ सोडून न्यूयॉर्कला संगीत शिकायला गेला. पत्नीबरोबर बँड काढला. लंडनच्या आधी परतला. २०१२ च्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा ऑस्ट्रेलिया. कॅनडा ६४-५८ ने जिंकला, त्यातले ३४ गुण एकट्या अँडरसनचे. पुन्हा बाहेर. तो नसताना २०१६ ला रिओत कॅनडा ११ वा आला. २०१७ मध्ये तो परतला, टोकियो खेळला आणि पॅरिसला कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीकडून हरून संघ चौथा राहिला.

मधल्या काळात एक कटू गोष्ट घडली. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने पात्रतेचे नियम कडक लावले आणि साडेचार गुणांचे काही खेळाडू 'पुरेसे अपंग नाहीत' म्हणून बाहेर गेले. त्यांत डेव्हिड इंग होता, अँडरसनचा अथेन्स आणि लंडनच्या सुवर्णपदकातला साथीदार. रिओच्या उद्घाटनात कॅनडाचा ध्वज घेऊन गेला होता तो. पायांच्या लांबीतल्या फरकामुळे तो खुर्चीतून खेळायचा. इतकी वर्षं चाललं, मग एके दिवशी चाललं नाही.

कॅनडातल्या देशांतर्गत स्पर्धांत मात्र हा वाद फारसा उरत नाही. तिथे खुर्ची म्हणजे सायकलीसारखं खेळाचं साधन, कुणीही बसावं. भाऊ, मैत्रिणी, शेजारी, दोन्ही पाय धड असलेले, पट्टे आवळून खेळतात. अशा धडधाकट माणसाला तिथे गुण मिळतात साडेचार, अँडरसनइतकेच.