वाटीला लागलेली तर्री

नाशिकला रविवारी मिसळ खाताना रश्शावरची तर्री कितीही ढवळा, ती पुन्हा वर येतेच. मलेरियाचा परजीवी रक्तातून किती मेद ओढतो हे मोजणाऱ्यांचीही पहिली अडचण हीच. मेदाम्लं, म्हणजे मेद ज्यांपासून बनतो ते घटक, पाण्यात धड विरघळत नाहीत.

पण परजीवीला ती हवीच असतात. प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरम हा मलेरियाचा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरला की सुमारे ४८ तासांत एकाचे १६ ते ३२ होतात, आणि प्रत्येकाला स्वतःचं मेदाचं आवरण लागतं. तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, मेद तयार करायची तिची ऐपत जवळजवळ शून्य. मग माल बाहेरून येतो, मुख्यतः पामिटिक आणि ओलेइक आम्ल. (ओलेइक आपल्या शेंगदाणा तेलातही भरपूर.)

हा परजीवी भांड्यात सलग वाढवण्याची रीत १९७६ साली ट्रॅगर आणि जेन्सन यांनी दिली. ऑक्सिजन कमी करायला त्यांनी झाकणबंद भांड्यात चक्क मेणबत्ती पेटवली! प्रयोगाआधी सगळे परजीवी एका वयाचे करून घेतात. सॉर्बिटॉल या साखरेसारख्या पदार्थाच्या ५ टक्के द्रावणात पिकलेले परजीवी असलेल्या पेशी फुटतात, कोवळे तेवढे उरतात. मग खूण केलेलं मेदाम्ल अल्ब्युमिन या प्रथिनावर बसवून देतात. आपल्या रक्तातही ते असंच फिरतं. खूण म्हणजे किरणोत्सारी कार्बन-१४, नाहीतर चमकणारा रेणू. चमकणाऱ्यात सूक्ष्मदर्शकाखाली मेद कुठे गेला ते दिसतं. मात्र त्या जोडलेल्या चमकत्या रेणूमुळे मेदाम्लाचा आकारच बदलतो, म्हणून आकड्यांसाठी माझा भरवसा कार्बनवर.

खरी मेख पुढे आहे. मोजलेला मेद पेशीच्या आत गेला, की नुसता बाहेर चिकटला? नुसतं धुऊन तो निघत नाही. मिसळ संपल्यावर वाटीला लागलेली तर्री आपण कोऱ्या पावाने पुसतो ना, तसंच इथे मेद काढून टाकलेलं कोरं अल्ब्युमिन वापरतात. ते बाहेरचा मेद टिपून घेतं. शेजारी निरोगी पेशींवरही हाच खटाटोप करायचा, कारण थोडाफार मेद त्याही घेतात. दोन्हींतला फरक तो परजीवीचा.

तरी आत गेलेला मेद वापरला गेला का, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी पेशींतला सगळा मेद क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये उतरवून सिलिकाच्या पातळ थरावर चढू देतात. टीपकागदावर शाईतले रंग फाकतात तसे मेदाचे प्रकार वेगवेगळे होतात. कार्बन-१४ फॉस्फोलिपिडच्या (आवरण ज्याचं बनतं त्या मेदाच्या) ठिपक्यात सापडला, तर दिलेल्या मेदाम्लाचं आवरणाचं सामान झालं.